‘मी बोलतो’ म्हणणाऱ्या निर्मला वहिनी

मंडळी, मागं जे उभे आहेत त्याईनं बी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. आज कोणी दूर उभं राहू नका.

गजाननभाऊ, पूजा, आन् जानेफळहून, मेहकरहून, पार पुण्याहून आलेले तुमी समदे. मले बोलता येत नाही. हे मी नम्रता म्हणून नाही सांगून राह्यलो. माहं नाव दिनकर, मोटार वाइंडिंगचं दुकान आहे माहं. आमचा बँड होता, त्यातबी मी मशीनच्या मागं राहो, मान खाली घालून. बोलाचं काम वहिनीचं होतं. आज माइकच्या बाजूले वहिनीचा फोटो ठेवला आन् माइकसमोर मले उभं केलं. हे उलटं झालं, मंडळी. लय उलटं झालं.

पण कोणीतरी सांगाले पाहिजे. इथं बसलेल्यापैकी अर्ध्याईले निर्मला वहिनी भाजीबाजारातल्या म्हणून माहीत आहेत, आन् अर्ध्याईले गाण्यातल्या म्हणून. मी दोन्हीकडं होतो. म्हणून सांगतो.

वहिनीचे मालक गजाननभाऊ आमच्या बाजारात हर्रास पुकारत. सकाळी भाजीच्या ढिगाजवळ उभं राहाचं, भाव पुकाराचा, बोली वाढवाची. मंग भाऊच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आज बी भाऊ बोलले तं कान त्याईच्या तोंडाजवळ न्या लागते. वहिनी तवापर्यंत वावरात वांगे-मिरच्या पाहत, घर पाहत. बाजारात माल घेऊन येत, पण ओट्याच्या खाली उभ्या राहत.

एक दिवस त्या बटाट्याच्या कट्ट्याईवर, भरल्या पोत्याईवर, चढल्या.

मी माह्या दुकानातून पाहून राह्यलो होतो. बाजार हसला. खोटं कायले बोलू? मी बी गालात हसलो. एक जुने अडते आहेत आपले, इथंच बसले आहेत, नाव नाही घेत. ते म्हणे, “बाई, हर्रास आहे हा. हळदीकुंकू नोय.” वहिनी म्हणे, “म्हणून तं कुंकवाचा करंडा घरी ठेवून आली. बोला, वांगे कोण घेते?”

संपलं. त्या दिवसापासून बाजार वहिनीच्या आवाजावर चाले. काय आवाज होता, मंडळी! पातळ नाही, गोड नाही. पत्र्यावर गारा पडल्यासारखा. ट्रकचं इंजिन चालू असो, हमाल भांडत असो, वहिनीनं “बोला!” म्हटलं की समद्याईच्या माना तिकडं.

आता गाण्याचं सांगतो. जानेफळहून आलेल्या आयाबायाईले वाटते, वहिनी भजन म्हणत असतीन. नाही. आमच्या संगीताले इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल म्हणतात. पेटी नाही, तबला नाही. मशीनचे आवाज घ्याचे, कॉम्प्युटरवर त्याचे ठोके बनवाचे, आन् त्याच्यावर माणसाचा आवाज. मले ह्याचा नाद इंटरनेटवरून लागला. माहं अर्धं आयुष्य मोटारीच्या गुंगाटात गेलं, मले ते आवाज ओळखीचे वाटले. आसिफ माह्या संग होता. आसिफ मूळचा रोहिणखेडचा, मेहकरात लग्नावरातीच्या साउंड सिस्टीमचा धंदा करते. ठोके त्याचे, गुंगाट माहा. मळणीयंत्र, वेल्डिंग, पाण्याची मोटार, समदं रेकॉर्ड करो आमी. बँडचं नाव ठेवलं ‘डीपी’. गावाची लाइट जिच्यावर चालते आन् जी जळली की समदा गाव जिच्याभोवती गोळा होते, ती ट्रान्सफॉर्मरची डीपी.

एका सकाळी ग्राइंडरचा आवाज रेकॉर्ड करून राह्यलो होतो. शटर उघडं होतं. मंग ऐकलं तं ग्राइंडरच्या मधातून वहिनीचा आवाज आला. “बोला! बोला! कोण बोलते?” मी म्हटलं, खराब झालं, पुसून टाक. आसिफ म्हणे, “पुसू नको बे. हेच तं पाहिजे होतं आपल्याले.”

आमी दोघं गेलो वहिनीकडं. त्या हिशेब आटपून पाणी पिऊन राह्यल्या होत्या. मी म्हटलं, “वहिनी, आमच्या संग गाता का?”

“मले गाणं येत नाही.”

“गाणं नाही पाहिजे.”

“मंग काय पाहिजे?”

“हर्रासात बोलता, तसं पाहिजे.”

वहिनीनं आसिफकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. म्हणे, “भाव पुकारून गाणं होते काय? बोलाचंच असन तं मंग मले जे बोलाचं ते बोलीन. तुमी नाही म्हणाचं नाही.”

आमी हो म्हटलं. आमाले काय माहीत, बाईच्या पोटात काय काय भरून आहे!

घरी विरोध झाला. होणारच होता. वहिनीच्या चुलत सासूबाई म्हणल्या, “बाजारात ओरडते ते पोटासाठी. मशीनवर ओरडणं कायले?” वहिनी भाकर थापत होत्या. थापता थापता म्हणल्या, “पोटासाठी ओरडलं तं चालते आन् मनासाठी ओरडलं तं नाही चालत, काऊन?” सासूबाईनं भाऊकडं पाह्यलं, की आता हा तरी काही म्हणन. भाऊनं काय केलं? उठले, वहिनीची चप्पल दारासमोर सरळ करून ठेवली. दुकानात जाले निघ, असा अर्थ झाला त्याचा. बस.

बाजार बंद असला की आमी रेकॉर्डिंग करो. दुकानात गाद्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. वहिनी माइकसमोर हात कमरेवर ठेवून उभ्या राहत. कागद नाही, काही नाही. एक दिवस मी त्याईले आमच्या एका गाण्यातला गुंगाट ऐकवला. त्या म्हणे, “हा कशाचा आवाज?” मी सांगितलं, सिंगल फेजवर अडकलेल्या मोटारीचा. तिन्ही फेज आले तं मोटार फिरते. एकच आला तं घरात बल्ब लागते, पण मोटार नुसती गुंगते, गरम होते, फिरत नाही.

वहिनीनं तो गुंगाट पुन्हा लावाले सांगितला. मंग म्हणे, “दिनकर, बाईच्या जातीले सिंगल फेजच देल्ला रे लोकाईनं. बल्ब लागला की म्हणतात, लाइट आहे ना तुह्याकडं!”

आमच्या पहिल्या अल्बमचं नाव त्याच दिवशी ठरलं. ‘सिंगल फेज’.

त्यात एक गाणं आहे, ‘मी बोलतो’. तुमच्यापैकी पुण्याच्या पोरापोरीईले पाठ असन. आयाबायाईसाठी मी वाचून दाखवतो. वहिनीसारखं नाही जमणार.

मी उठतो, मी चूल पेटवतो,
मी वावरात जातो, मी वझं उचलतो,
माह्या वझ्याले भाव कोण बोलते?
कोणी नाही? बरं.
मी बोलतो.

इकडच्या बायाईले यात वेगळं काही वाटणार नाही. आपल्या बाया ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणे. पण हे ‘तो’ पुण्यात जाऊन अडकलं.

झालं असं की पुण्यातल्या एका कंपनीनं आमचे दोन गाणे ऐकले आन् बोलावलं. अल्बम काढतो म्हणे, मोठ्या स्टेजवर कार्यक्रम लावतो. आमी तिघं गेलो. एसी ऑफिस, मऊ खुर्च्या. माणूस चांगला होता. त्यानं वहिनीले पाणी स्वतः आणून देल्लं. मंग म्हणे, “ताई, तुमचा आवाज अफाट आहे. फक्त एवढं करू, सगळं पुन्हा रेकॉर्ड करू. ‘मी बोलतो’च्या ऐवजी ‘मी बोलते’. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल, व्याकरणाची चूक राहून गेली.”

वहिनी म्हणे, “माही माय ‘मी येतो’ म्हणूनच घरातून निंघे.”

“हो ताई, पण महाराष्ट्रभर पोचायला हवं.”

“तुमाले समजलं का गाणं?”

“मला समजलं.”

“मंग झालं ना. बाकीच्याईले बी समजन.”

तो हसला, पण कराराचा कागद पुढं केला नाही. म्हणे, विचार करून कळवा. वहिनीनं तिथंच कळवलं. म्हणे, “साहेब, तुमी चांगले आहा. पण ‘बोलते’ म्हणून जे बाई बोलन, ते मी नाही. ते दुसरी कोणी शोधा लागन तुमाले.”

एसटीत आमी तिघं शेवटच्या सीटवर. जालना गेलं तशी वहिनीनं भाकर-ठेचा सोडला, आमाले वाढला. म्हणे, “पोट्टेहो, तुमचं नुकसान केलं का मी?” मोठे झालो तरी आमी त्याईले पोट्टेच. आसिफ म्हणे, “साउंडवाल्याचं काय नुकसान होते, वहिनी? आपले स्पीकर आपल्याजवळ आहेत.” वहिनी हसल्या. अशा हसल्या की कंडक्टरनं वळून पाह्यलं.

अल्बम आमीच काढला. इंटरनेटवर टाकला. कव्हरवर फोटो वहिनीच्या पोरीनं, पूजानं काढला, दार उघडं पडलेली आपल्या वस्तीतली डीपी. आन् पहिला कार्यक्रम कोठी केला? भाजीबाजाराच्या शेडमध्ये. आसिफच्या भिंतीएवढ्या स्पीकरवर. लोकाईनं कानावर हात ठेवले. कुत्रे पळाले. एक म्हातारबाबा माह्याजवळ आले, म्हणे, “दिनकर, तुह्या मोटारीचं बेअरिंग गेलं वाटते रे.” मी म्हटलं, “बाबा, ते गाणं आहे.” बाबा म्हणे, “गाणं आहे तं मंग बेअरिंग बदलून वाजव ना.”

हसा. हसा, मंडळी. वहिनी ही गोष्ट स्वतः सांगून हसत. आमच्या अल्बमवर पहिलं परीक्षण ते बाबाचं होतं.

मंग लिहिलेले परीक्षणं आले. दुकानात बसून पूजा मोबाइलवर वाचे, वहिनी ऐकत. पहिलं पुण्याच्या एका समीक्षकाचं. त्यानं लिहिलं, या अल्बममधल्या यंत्रांनी जी भीती उभी केली आहे, तिच्यावर गाणारीची ग्रामीण बोली पाणी ओतते. ऐकताना हसू येतं. गंभीर संगीताला गंभीर भाषा लागते. असं.

वहिनीनं चहा तसाच ठेवला आन् निंघून गेल्या. दुसऱ्या दिवशी हर्रास झाल्यावर आल्या. म्हणे, “पूजा, त्या माणसानं पुरं ऐकलं का?” पूजा म्हणे, “हो आई, एकेका गाण्यावर लिहिलं आहे.” वहिनी म्हणे, “मंग ठीक आहे. लिहो.”

दुसरं आलं जर्मनीहून. हे संगीत तिकडं लय चालते. मोबाइलनंच त्याचं मराठी करून देल्लं. त्या माणसानं तारीफ केली होती, आन् शेवटी इचारलं होतं की आवाज इतका खरखरीत, इतका जाड करणारं यंत्र कोणतं वापरलं? वहिनी म्हणे, “सांग त्याले, रोज सकाळी बटाट्याच्या कट्ट्यावर उभी राह्यतो म्हणा. यंत्र बाजारात भेटत नाही.” पूजानं खरंच तसं लिहून पाठवलं. त्यानं ते छापलं.

पण मले सांगाचं आहे ते तिसऱ्याचं. मुंबईच्या एका पेपरच्या पुरवणीत आलं. लिहिणारी बाई मूळची अकोल्याकडची. तिनं लिहिलं की शिकाले पुण्यात गेली तवा होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात तिच्या तोंडून निंघालं, ‘मी जातो.’ समद्या पोरी हसल्या. त्या दिवसापासून ती ‘जाते’ म्हणते. परीक्षेत, ऑफिसात, नवऱ्याजवळ, आईच्या फोनवर बी. तिनं लिहिलं, हे गाणं मी गाडीत ऐकलं आन् गाडी बाजूले लावली. आईले फोन केला. म्हटलं, ‘आई, मी येतो.’ तिकडून आई रडाले लागली. पुढं तिनं अल्बमच्या ठोक्याचं, गुंगाटाचं लय बारीक लिहिलं, चुका बी दाखवल्या. एक गाणं लांबलं म्हणे, आन् ते खरंच लांबलं आहे.

वहिनीनं ते दोनदा वाचून घेतलं. मंग मोबाइल हातात घेऊन स्वतः वाचलं, बोट ठेवून, हळूहळू. मले वाटलं, आता पदर डोळ्याले जाईन. नाही. वहिनी ताठ बसल्या. म्हणे, “पूजा, हे पोरगी कोणाची आहे? गाव इचार तिचं.”

ती पोरगी आज आली आहे. आईले घेऊन आली आहे. तिकडं खांबाजवळ बसल्या दोघी.

त्यानंतर आमाले पुण्यानंच बोलावलं. कंपनीनं नाही, पोरापोरीईनं. मोठा हॉल. वहिनीनं हिरवं लुगडं नेसलेलं, पायात बाजाराची चप्पल. आसिफनं ठोका सुरू केला. वहिनी माइकसमोर गेल्या आन् म्हणल्या, “कोण बोलते?” आन् मंडळी, समदा हॉल ओरडला, “मी बोलतो!” पोरी बी. पुण्याच्या पोरी, ‘मी बोलतो’ म्हणून ओरडून राह्यल्या होत्या. माह्या हाताले मशीनचं बटण सापडे ना. मी तसाच उभा.

कार्यक्रम झाल्यावर एक चष्मेवाले गृहस्थ स्टेजच्या मागं आले. म्हणे, “ताई, मी तुमच्याबद्दल वाईट लिहिलं होतं. माझं मत पूर्ण बदललं आहे असं नाही. पण आज मला हसू आलं नाही. ते सांगायला आलो.” आसिफ पुढं सरकला. मी त्याचा हात धरला. वहिनी म्हणे, “बसा तुमी. चहा घ्या. आमच्या बाजारात ढिगाजवळ येऊन जो भाव पाडून बोलते, तो बी गिऱ्हाइकच असते. जो न बोलता पुढं जाते, तो नसते. तुमी थांबले, बोलले. बरं केलं.” दोघं बराच वेळ बोलत बसले, वांग्याच्या रोपाचं, मुळीचं काहीतरी. जाताना त्यानं वहिनीले वाकून नमस्कार केला.

ते गृहस्थ आज आले नाहीत, पण त्याईचा निरोप आला. पूजाजवळ आहे, तिचा तिनं ठेवावा.

आन् आपला बाजार? ज्याईनं हळदीकुंकवाचं म्हटलं होतं, तेच अडते मंग बाहेरचा व्यापारी आला की त्याले म्हणत, “आवाज ऐकला का? जर्मनीत लिहून आलं आहे ह्या आवाजाबद्दल. आमच्या बाजारातली बाई आहे.” दादा, तुमी मान खाली घालू नका. वहिनीले ते माहीत होतं. लय मजा वाटे त्याईले.

गेल्या पंधरवड्यात वहिनी सकाळी वावरात गेल्या. मिरच्या तोडता तोडता छातीत कळ आली. पूजा संग होती. दवाखान्यात नेईस्तोवर सगळं आटपलं. ह्याच्यापेक्षा जास्त मी त्याबद्दल नाही बोलत. बोलवत नाही.

दुसरा अल्बम अर्धा झाला होता. तो आमी पुरा करू. वहिनीचं जेवढं रेकॉर्ड झालं तेवढंच त्यात राहीन. पुढची जागा मोकळी. कोणाले त्याईची नक्कल करू देणार नाही.

एक शेवटचं. हे माहं नाही, भाऊचं आहे.

बाहेर गेटवर मोठा फलक लागला आहे. ज्याईनं लावला त्याईनं चांगल्या मनानं लावला. त्याच्यावर लिहिलं आहे, ‘पतीचा आवाज गेल्यावर पतीचा आवाज झालेल्या माउलीस भावपूर्ण श्रद्धांजली.’ आत येताना भाऊ त्या फलकासमोर थांबले. वाचलं. मंग माहा खांदा धरून मले खाली ओढलं आन् कानात बोलले. मी इचारलं, “भाऊ, हे माइकवर सांगू?” त्याईनं हो म्हणून मान हलवली.

भाऊ म्हणाले, “दिनकर, सांग त्याईले. पूजाची माय माहा आवाज नोती. तो तिचाच होता. माहा गळा धड होता तवा बी मी इतकं भारी कधी पुकारलं नाही.”

भाऊ, सांगितलं. समद्याईनं ऐकलं.

आता उठू, मंडळी. म्हाताऱ्या माणसाईनं बसूनच राहा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

वहिनी, राम राम.